श्रेष्ठ कोण? आधी जोड पाहा!

खेळांच्या गप्पांत काही वाद असे असतात की ते कधी मिटत नाहीत, आणि मिटावेत असे कोणाला मनापासून वाटतही नाही. आपल्याकडे गावसकर की तेंडुलकर या प्रश्नावर जेवणाची ताटे वाळतात. मुष्टियुद्धाच्या जगात असाच एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे: आधुनिक काळातला सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण? कोणी महंमद अलीचे नाव घेतो, कोणी जो लुईचे. जाणकार मंडळी हटकून शुगर रे रॉबिन्सनकडे वळतात. मग एखादा तरुण मोबाइलवर आकडा काढून दाखवतो: फ्लॉइड मेवेदर, ५० लढती, ५० विजय, पराभव शून्य. आता बोला!

या शून्यापुढे भलेभले गप्प होतात. वास्तविक गप्प होण्याचे कारण नाही. आखाड्याच्या कडेला बसणारा आपला जाणता शौकीन किती कुस्त्या मारल्या हे नंतर विचारतो, त्याचा पहिला प्रश्न असतो, "जोड कोण होती?" तोलामोलाची जोड नसेल तर चितपट कुस्तीलाही टाळी पडत नाही. हाच प्रश्न मुष्टियुद्धाच्या रिंगणात नेला, की शून्याचा अर्थ बदलू लागतो.

रॉकी मार्सियानोचेच पाहा. १९५६ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ४९ विजय होते आणि एकही पराभव नव्हता. पण १९५१ मध्ये त्याने ज्या जो लुईला आठव्या फेरीत झोपवले, तो लुई ३७ वर्षांचा होता, आणि करांच्या थकबाकीपायी नाइलाजाने रिंगणात परतलेला होता. मेवेदरची गोष्ट वेगळी. त्याच्यासारखा बचाव क्वचितच कोणाला साधला असेल. ओस्कार दे ला होया, कॅनेलो अल्वारेझ अशी मोठी नावे त्याने हरवली, हे मान्यच करायला हवे. तथापि मॅनी पॅकियावशी त्याच्या लढतीची बोलणी २०१० मध्ये फिसकटली, आणि प्रत्यक्ष लढत झाली ती २०१५ मध्ये. तोवर दोघांचेही उमेदीचे दिवस सरत आले होते. २०१७ मधला त्याचा पन्नासावा विजय तर कॉनर मॅकग्रेगरवरचा. मॅकग्रेगर दुसऱ्याच प्रकारच्या झुंजीतला विजेता, आणि व्यावसायिक मुष्टियुद्धातली त्याची ती पहिलीच लढत! शून्य जपण्याचा हिशेब एकदा डोक्यात शिरला, की अवघड जोड टाळण्याचा मोह होतो, आणि त्यात नुकसान होते ते खेळाचे.

आता हरलेल्यांकडे पाहू. रॉबिन्सनच्या नावावर १९ पराभव आहेत. मात्र पहिल्या ४० लढती जिंकल्यानंतर फेब्रुवारी १९४३ मध्ये जेक लामोटाने त्याला हरवले, तेव्हा तीनच आठवड्यांनी त्याने लामोटाला पुन्हा गाठून पराभूत केले. त्यानंतर १९५१ पर्यंत त्याला कोणी हरवू शकले नाही. त्या वर्षी लंडनमध्ये रँडी टर्पिनने ते करून दाखवले, आणि दोनच महिन्यांत रॉबिन्सनने त्याचीही परतफेड केली. जो लुई १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगकडून हरला. १९३८ मध्ये त्याच श्मेलिंगला त्याने पहिल्याच फेरीत संपवले. हेवीवेट विजेतेपद त्याने सलग २५ वेळा राखले, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. लेनॉक्स लुईस दोनदा हरला. दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना पुन्हा सामोरा गेला आणि दोघांनाही हरवून मोकळा झाला.

आणि अली? सैन्यभरतीला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले. वयाच्या पंचविशीपासून साडेतीन वर्षे, म्हणजे ऐन भरातला काळ, त्याला रिंगणाबाहेर काढावा लागला. परतल्यावर १९७१ मध्ये जो फ्रेझरने त्याला हरवले, १९७३ मध्ये केन नॉर्टनने हरवताना त्याचा जबडा मोडला. अलीने दोघांनाही पुन्हा गाठले आणि हरवले. फ्रेझर व नॉर्टन यांना दोन-दोन फेऱ्यांत लोळवणारा अपराजित जॉर्ज फोरमन १९७४ मध्ये किन्शासात समोर आला, तेव्हा ३२ वर्षांच्या अलीने त्याला आठव्या फेरीत आडवे केले. अलीचे पाच पराभव वगळून त्याची थोरवी सांगताच येणार नाही.

तेव्हा आमचा कौल असा: निव्वळ कसबात रॉबिन्सन, आणि सगळे मिळून मोठा अली. परंतु वाद इथे संपवला तर तो अर्धाच राहील. जोड कोण होती आणि हरल्यावर काय केले, या दोन प्रश्नांच्या जोडीला तिसरा प्रश्न विचारायलाच हवा: थांबला केव्हा?

या प्रश्नात आपले दोन्ही नायक नापास होतात. रॉबिन्सन ४४ व्या वर्षापर्यंत लढत राहिला. अखेरची वर्षे त्याने अल्झायमरच्या विस्मृतीत काढली. १९७५ मध्ये मनिलाला चौदा फेऱ्या झाल्यावर फ्रेझरचे गुरू एडी फच यांनी आपल्या शिष्याला पंधराव्या फेरीसाठी उठू दिले नाही. फ्रेझर हरला, पण फच यांचा तो निर्णय आजही आदराने सांगितला जातो. अलीला मात्र वेळेवर कोणी अडवले नाही. १९८० मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याने लॅरी होम्सचे ठोसे दहा फेऱ्या झेलले. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सन्सचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांत एकमत नाही. पण त्या शेवटच्या लढती व्हायला नको होत्या, याविषयी दुमत होणे कठीण आहे.

१९८२ मध्ये डुक कू किम हा कोरियन तरुण चौदाव्या फेरीत कोसळला आणि दगावला. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधरांवरून बारा फेऱ्यांवर आल्या. हे शहाणपण एका जिवाच्या मोलाने आले. उलट मार्व्हिन हॅगलर १९८७ मध्ये शुगर रे लेनर्डकडून वादग्रस्त निर्णयात हरला, दुखावला, आणि पुन्हा कधी रिंगणात उतरला नाही. श्रेष्ठांच्या यादीत त्याला या एका गोष्टीसाठी चार गुण जास्त द्यायला हरकत नसावी.

खेळाडू थांबत नाही याला पैसा कारण असतो, अहंकार असतो, भोवतीचे लोक असतात. आणि "अजून एकच लढत" म्हणून तिकीट काढणारे आपणही असतो. श्रेष्ठ कोण हा वाद जरूर घालावा. रविवारची दुपार त्यात मजेत जाते. फक्त आपल्या लाडक्या वीराचे नाव घेताना, त्याने आता घरी जावे असे म्हणण्याची वेळ आली तेव्हा आपण काय म्हणत होतो, हेही स्वतःला विचारावे.