आजीचं माहेरचं नाव काय हो?

मैत्रिणींनो, शाळेत 'माझे कुटुंब' आलं की पोरं घरी येऊन सांगतात, "आई, वंशवृक्ष करायचाय, उद्याच न्यायचाय!" मग आपली धावपळ. दुकानातून झाडाचा छापील तक्ता आणायचा, पासपोर्ट फोटो चिकटवायचे, झालं! मला विचाराल तर हा वंशवृक्ष घरीच करावा, अन् चांगले आठ-दहा दिवस घेऊन करावा. तयार तक्त्यात चौकटी ठरलेल्या असतात. वडील, आजोबा, पणजोबा अशी शिडी सरळ वर चढत जाते. पणजीच्या चौकटीत बहुतेक घरी नुसतं 'पणजी' लिहिलेलं सापडेल. तिला नाव नव्हतं का?

सामान सगळं घरातलंच. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. त्यावर जुन्या सुती चादरीचा तुकडा मैद्याच्या खळीने ताणून चिकटवा. खळ उन्हात पुरती वाळू द्या, नाहीतर बुरशी धरते. खोड आणि फांद्या सुतळीच्या, तीन-तीन पदरी वेणी घालून. पानांसाठी बाजारात जाऊ नका. आजीचं लुगडं, आत्याची लग्नातली साडी, बाळाचं झबलं, ज्याचं त्याचं पान ज्याच्या त्याच्या कापडाचं! नाव पेनाने लिहिलं तर फिकट होतं, म्हणून दोऱ्याने शिवा. मुलांना सुई धरायला शिकवा, मुलग्यांनासुद्धा.

झाड मात्र वडाचं करा. लेकीचं लग्न झालं की पुष्कळ ठिकाणी तिची फांदी तिथेच थांबवतात. वडाची पारंबी जमिनीला टेकते, रुजते, तिचंच पुढे खोड होतं. सुतळीचे पीळ उलगडून तशा पारंब्या सोडा आणि खाली लेक, जावई, नातवंडं लावा. नवऱ्याने टाकलेली बहीण, बिनलग्नाची मावशी, विधवा काकू यांचीही पानं हवीतच. यावर वाद नको.

खरी अडचण नावांची. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितात अन् जुनं नाव तिथेच संपतं. आमच्या बचत गटात मी एकदा विचारलं, "तुमच्या आजीचं लग्नाआधीचं नाव कोणाला ठाऊक आहे?" पुष्कळ जणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. शेताच्या बांधावरून चार पिढ्यांचे पुरुष घडाघडा सांगणारी घरं आहेत ही! म्हणून प्रत्येक बाईच्या पानावर दोन नावं घाला, वर माहेरचं, खाली सासरचं, आणि माहेरचं गावही.

कोणी म्हणेल, ही हौस झाली. तसं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली. 1979 च्या नर्मदा पाणी तंटा लवादाच्या निवाड्यात प्रत्येक सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब धरलं गेलं. सज्ञान मुलीसाठी तशी तरतूद नव्हती. घराण्यात कोणाला मोजायचं हे ठरवताना जमिनीचाही हिशेब ठरतो, तो असा.

आता कायदा पुष्कळ बदलला. 2005 पासून हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. 2005 मध्ये वडील हयात नसले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. आदिवासी समाजाला हा कायदा लागू नाही. पण जुलै 2025 मध्ये त्याच न्यायालयाने एका गोंड आदिवासी महिलेच्या वारसांना आजोळच्या मिळकतीत वाटा दिला. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी हा निकाल जरूर माहीत करून घ्यावा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, हा नियमही आपल्या राज्यात आला.

तरी वारस नोंदीसाठी वंशावळ सांगायला जातं कोण? घरातले पुरुष. तिथे बहिणींची नावं 'राहून जातात'. भिंतीवरचं झाड कचेरीत पुरावा म्हणून चालणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्या पोराने स्वतःच्या हाताने आत्याचं नाव शिवलं, त्याला उद्या "आत्याचं नाव आठवलं नाही" असं म्हणायला जड जाईल.

नावं गोळा करायला आपल्या खान्देशात कानबाईसारखी वेळ नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, मुंबई-सुरतेला गेलेले भाऊबंदही गावी येतात. रोटांसाठी बऱ्याच घरांत पुरुषांच्या नावाने गव्हाच्या मुठी मोजतात. ते आज सोडायला कोणी तयार व्हायचं नाही, मी त्या भानगडीत पडतही नाही. पण तिकडे मुठी मोजणं चालू असताना तुम्ही वही घेऊन घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तुमचं लग्नाआधी नाव काय? आई कोणत्या गावची? बहिणी किती? बाळंतपणं किती झाली, गेलेल्या लेकरांची नावं ठेवली होती का? हा शेवटचा प्रश्न जरा जपून, एकटीला गाठून विचारा. मोबाईलवर आवाज टेप करून ठेवला तर फारच छान. अहिराणीत, भिलीत, पावरीत, आजी जशी बोलेल तसाच ठेवा, शुद्ध करायला जाऊ नका.