पाते स्वस्त, बोट महाग

मार्केट यार्डाभोवतीच्या दुकानांत दुधारी ब्लेड आजही काही रुपयांत मिळते. जिलेटने 1903 साली विक्रीस आणलेल्या या पद्धतीचे धातूचे यंत्र नीट पुसून ठेवले तर वर्षानुवर्षे चालते. बदलायचे ते फक्त पाते. एकाच यंत्रात एक ब्लेड मऊ फिरते, दुसरे ओढते. हौशी गिऱ्हाईक हे पारखून पाहते. म्हणून दुकानदार बंधूंनी चार प्रकारची ब्लेड ठेवावीत, असे आम्ही सुचवतो. सलूनवाल्यांनी दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते त्याच्यादेखत लावावे. मात्र वापरलेले पाते उघडे कचऱ्यात टाकू नये. कचरा वेचणाऱ्या बाईचे बोट कापते, रोगही लागू शकतो. पत्र्याचा डबा ठेवा. भरला की झाकण पक्के करून, सांगून वेगळा द्या. दुसऱ्याच्या जखमेवरचा नफा आपल्याला नको.