शिखरांची यादी आणि मोत्या

सरे, केंट, सॉमरसेट ही नावं आपल्याला क्रिकेटमुळे तोंडपाठ. इंग्लंडमधल्या अशा एकेका काउंटीचा सर्वांत उंच माथा गाठायचा, हा इथल्या पुष्कळांचा छंद, आणि बरेच जण कुत्र्याला सोबत घेऊन तो करतात. मीही करते. मोत्या आमचा लॅब्रॅडॉर, आता वय झालंय त्याचं.

उंची फार नाही. अख्ख्या इंग्लंडचा माथा स्कॅफेल पाइक ९७८ मीटर. आपली कळसूबाई १,६४६. नॉरफकचा बीकन हिल तर जेमतेम शंभर. सरेच्या २९४ मीटरच्या लीथ हिलवर १७६५ साली बांधलेला मनोरा आहे. त्यावर चढलं की हजार फुटांच्या वर गेल्याचं समाधान मिळतं.

पण यादी आपली असते, कुत्र्याची नसते. त्याला फक्त आपल्याबरोबर यायचं असतं आणि त्यासाठी तो अंगात त्राण असेपर्यंत चालतो. २०२० च्या जुलैमध्ये स्कॅफेल पाइकवरून उतरताना डेझी नावाची सेंट बर्नार्ड कुत्री बसली ती उठेचना. मागचे पाय दुखत होते. वजन ५५ किलो. वॉस्डेलच्या गिरिबचाव पथकाचे १६ स्वयंसेवक आले, खाऊ देऊन तिला स्ट्रेचरवर घेतलं आणि खाली आणलं. पाच तास लागले. त्या माथ्यावर नुसता धोंड्यांचा खच आहे; बूट घातलेल्या माणसाचेही पाय बोलू लागतात, तिथे उघड्या पंजांचं काय होत असेल?

जुन्या वेस्टमोरलंड काउंटीचा माथा हेल्वेलिन. १८०५ मध्ये चार्ल्स गॉफ हा तरुण चित्रकार तिथे मरण पावला. तीन महिन्यांनी त्याचे अवशेष सापडले, तेव्हा त्याची कुत्री फॉक्सी जवळच होती. वर्डस्वर्थ आणि वॉल्टर स्कॉट दोघांनीही तिच्यावर कविता केल्या. त्या इमानाला माझा नमस्कार आहे. पण डोंगरावर जायचं गॉफनं ठरवलं होतं, फॉक्सीनं नव्हे, हे मला विसरता येत नाही.

म्हणून माझं अर्धं लक्ष वाटेवर, अर्धं मोत्यावर. जीभ रुंद होऊन एका बाजूला लोंबू लागली, कुंपणाच्या पायऱ्यांपाशी तो रेंगाळला, बसल्या बसल्या पंजा चाटू लागला, की थांबायचं. पाणी पाजायचं, बोटांच्या बेचक्यात खडा अडकलाय का पाहायचं. तरी चाल सुधारली नाही तर माथा कितीही जवळ असो, मागे फिरायचं.

मेंढ्यांचाही विचार हवाच. सर्वांना खुल्या असलेल्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा जास्तीत जास्त दोन मीटरच्या दोरीत ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. ते दिवस कोकरांचे आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे असतात. कुत्रा नुसता मागे धावला तरी गाभण मेंढीचा गर्भ पडू शकतो. गाईगुरं अंगावर आली, तर मात्र दोरी लगेच सोडून द्यायची; कुत्रा पळून वाचतो आणि माणूसही.

स्कॅफेल पाइकला मी मोत्याला नेणार नाही. आता बेत वुस्टरशर बीकनचा आहे. ४२५ मीटर, गवताचा उतार, आणि वाटेत सेंट अ‍ॅन्स वेलचा झरा.