मोजणी वर्गाची, परीक्षा गुरुजींची

प्रश्न विचारायचा, फळ्यावर चार पर्याय लिहायचे आणि समोर बसलेल्या प्रत्येकाने आपल्या पर्यायाचा आकडा ठरलेल्या क्रमांकावर एसएमएसने पाठवायचा. मिनिटभरात पडद्यावर आलेख उभा राहतो. पोल एव्हरीव्हेअरसारख्या सेवा २००७ च्या सुमारास अमेरिकेत निघाल्या आणि वर्गातले, सभेतले हे झटपट मतदान तिकडे रुळले. आपल्याकडे, त्यातही गोंदियासारख्या जिल्ह्यात, हा विषय निघाला की दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, हे खूळ वर्गात नको. दुसरा म्हणतो, हे आले की वर्ग सुधारलाच म्हणून समजा. दोघांचीही नजर यंत्रावर आहे, आणि तिथेच दोघांचेही चुकते. वर्गात मत मोजायचे ते मुलांसाठी नव्हे, शिक्षकासाठी. पडद्यावरचा आकडा पाहून शिक्षकाचे पुढचे वाक्य बदलत असेल तर ते मतदान. बदलत नसेल तर ती नुसती रोषणाई.

आधी विरोधकांचे म्हणणे ऐकू. त्यांचा पहिला आक्षेप सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत वजनदार: ‘हात वर करा म्हटले की काम होते. त्याला यंत्र कशाला?’

हात वर होतात कसे, ते पाहा. गोंदिया जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत घरातली बोली एक नाही. गोरेगाव, तिरोडा, आमगावकडे पोवारी. देवरी, सालेकसाकडे गोंडी आणि छत्तीसगढी. गोंदिया शहरात हिंदी. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत. सालेकसा तालुक्यातल्या मुलीला उत्तर येत असते, पण ते पुस्तकी मराठीत सांगताना हसे होईल ही धास्ती त्याहून मोठी असते. ती पहिल्या बाकाकडे पाहते. तिथला हात वर गेला की हिचाही जातो. हा काही आपल्याच मुलांचा भित्रेपणा नव्हे. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकी महाविद्यालयीन तरुणांना रेषांची लांबी ओळखायला सांगितली. आधीच्या सगळ्यांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले की डोळ्यांना धडधडीत दिसणारे सोडून कित्येकांनी त्यांचीच री ओढली. तेच उत्तर गुपचूप कागदावर लिहायला सांगितले तेव्हा हे प्रमाण झपाट्याने खाली आले.

हात वर करण्याची रीत आणखी एका सवयीवर उभी आहे. हुशार मुलाने बरोबर उत्तर दिले की धडा समजला असे धरून शिक्षक पुढे जातो. शितावरून भाताची परीक्षा भाताला लागू पडते, कारण पातेल्यातले सगळे तांदूळ एकाच आचेवर शिजतात. वर्ग तसा शिजत नाही. पहिल्या बाकावरचे शीत मऊ आणि मागच्या चार रांगा कच्च्या, हे धानाच्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला तरी कळायला हवे. गुप्त आणि एकाच वेळी दिलेले उत्तर प्रत्येक शीत चाचपते. एक आकडा पाठवायला प्रमाण मराठी लागत नाही, हा त्याचा इथला वेगळा फायदा.

दुसरा आक्षेप नाक मुरडून घेतला जातो: ‘हा टीव्हीवरचा तमाशा शाळेत कशाला?’ या नाक मुरडण्याला कारण आहे. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’ झाला आणि एसएमएसने मत देणे घराघरांत पोहोचले. ते मत साध्या एसएमएसपेक्षा महाग असे आणि एकच माणूस हवी तितकी मते पाठवू शके. मोजले जात होते ते गाणे कमी आणि खिसे जास्त. पण म्हणून मोजणेच वाईट ठरत नाही. वर्गात एका डोक्याला एकच मत, त्याला पैसा लागता कामा नये, आणि कोणी जिंकत नाही की बाद होत नाही. टीव्हीवर आकडा आला की कार्यक्रम संपतो. वर्गात आकडा आला की काम सुरू होते. दोन्हींत साम्य आहे ते फक्त मोबाइलचे.

तिसरा आक्षेप तात्त्विक आहे: ‘ज्ञान बहुमताने ठरत नाही.’ अगदी खरे. म्हणूनच एक प्रश्न घेऊ. कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात, त्या नवेगावबांधच्या तलावात एक नाव आहे. नावेत दगड आहेत. नावाड्याने ते दगड पाण्यात टाकले आणि ते तळाला गेले. तलावाच्या पाण्याची पातळी वाढेल, घटेल की तेवढीच राहील? कोणत्याही वर्गात विचारा. ‘वाढेल’ आणि ‘तेवढीच’ यांच्या पारड्यात भरपूर मते पडतील. खरे उत्तर ‘घटेल’ हे आहे. नावेत असताना दगड स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारतो. बुडाल्यावर फक्त स्वतःच्या आकारमानाइतके. दगड पाण्याहून जड, म्हणून पहिले पाणी जास्त. तलावात हा फरक डोळ्यांना दिसणार नाही, पण बादलीत वाटी आणि खडे घेतले तर दाखवता येतो. बहुमताने आर्किमिडीज बदलत नाही. मतदानातून कळते ते इतकेच की आर्किमिडीजचा नियम घडाघडा म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना तो कळलेला नाही.

हार्वर्ड विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांना हाच धक्का बसला होता. ते उत्तम शिकवतात असे मुलेच म्हणत. अवघड गणिते सोडवणारी हीच मुले बल आणि गतीच्या साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांत अडखळली. १९९१ पासून त्यांनी तासाची घडीच मोडली. संकल्पनेवरचा एक प्रश्न, प्रत्येकाचे स्वतंत्र उत्तर, मग वेगळे उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याशी वाद आणि पुन्हा मतदान. यावर शंका घेतली गेली की दुसऱ्या फेरीत मुले हुशार शेजाऱ्याचे उत्तर उचलत असतील. कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गात तेही तपासून झाले आणि निष्कर्ष २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न एकेकट्याने सोडवायला दिला, तरी उत्तरे सुधारली होती. ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच उत्तर येत नव्हते, तिथेही सुधारली होती. म्हणजे शिकवले ते मतदानाने नव्हे, दोन मतदानांच्या मधल्या भांडणाने.

ही गोष्ट समजायला हार्वर्डला जायची गरज नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. त्यासाठी गावात अभ्यासगट चालतो आणि कोण कुठे उभा आहे हे आधी उघड होते. याच गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. मूठभर घरांच्या गावात प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेता येते. साठ मुलांच्या आणि चाळीस मिनिटांच्या तासात ते जमत नाही. मत मोजायचे साधन लागते ते एवढ्यासाठी. मतदान ही चर्चेची जागा घेत नाही. कोणाशी कोणी चर्चा करावी, ते सांगते.

चौथा आक्षेप पोटतिडकीचा आहे: ‘आमच्याकडे रेंज कुठे? मोबाइल कुठे? आणि यंत्र बंद पडले तर?’ यंत्र बंद पडण्याचे या जिल्ह्याला काय सांगायचे! २८ मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत मतदानयंत्रांच्या तक्रारी झाल्या, उन्हाकडे बोट दाखवले गेले आणि ४९ केंद्रांवर दोन दिवसांनी फेरमतदान घ्यावे लागले. त्यानंतर कोणी निवडणुका बंद करा म्हटले नाही. वर्गात तर फेरमतदानाला निवडणूक आयोगही लागत नाही, वहीचे पान पुरते. रेंजचे म्हणाल तर एसएमएसची खरी ताकद तिथेच आहे. इंटरनेट लागत नाही, साधा बटणांचा फोन चालतो. एका संदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे बसतात आणि देवनागरीची फक्त ७०, पण इथे पाठवायचा असतो एकच आकडा.

मोबाइल कुठे, हा मात्र खरा प्रश्न. घरात फोन एक, आणि रोवणीच्या दिवसांत तो बापासोबत बांधीवर. शिवाय उत्तराबरोबर पाठवणाऱ्याचा क्रमांकही जातो. शेजारच्या बाकापासून उत्तर लपले, पण मुलीचा क्रमांक संस्थेच्या किंवा एखाद्या कंपनीच्या यादीत जाऊन बसला. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. शाळेत, निदान दहावीपर्यंत, एसएमएसने मतदान नको.

इथे विरोधक टाळी वाजवतील. पण आक्षेप वाहनावर आहे, प्रवासावर नाही. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातल्या अँड्र्यू क्रॉस, एड कट्रेल आणि विल्यम थाइस यांनी २०१२ मध्ये नेमका आपल्यासारख्या शाळांसाठी तोडगा मांडला. मुलाच्या हाती फक्त छापील कार्ड. कार्ड फिरवून धरायचे. वरची बाजू कोणती त्यावरून अ, ब, क की ड ते ठरते. समोरचा एक कॅमेरा सगळी कार्डे एकदम वाचतो. प्रत्येकाच्या कार्डावरची खूण वेगळी, म्हणून शेजाऱ्याला नक्कल जमत नाही. पुढे प्लिकर्स नावाच्या ॲपने हेच काम शिक्षकाच्या एका मोबाइलवर आणले. कार्डे साध्या कागदावर छापता येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेला याहून स्वस्त आणि निर्धोक काय हवे?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ‘स्मार्ट बोर्ड आणा, मतदानाची यंत्रणा घ्या, मुले आपोआप सहभागी होतील,’ असे सांगत फिरणाऱ्यांनी एक निष्कर्ष विसरू नये. माँट्रियलच्या नॅथॅनिएल लॅसरी यांनी २००८ मध्ये एकाच पद्धतीने शिकवलेले दोन वर्ग तुलनेला घेतले. एकात इलेक्ट्रॉनिक बटणयंत्रे, दुसऱ्यात रंगीत पुठ्ठ्याची कार्डे. शिकण्यात लक्षणीय फरक निघाला नाही. यंत्राने शिक्षकाची मोजणी सोपी केली, इतकेच. जे विकले जाते ते यंत्र असते. जे शिकवते ते प्रश्न, शांतता, वाद आणि पुन्हा प्रश्न, आणि ते कुठल्याच निविदेत बसत नाही.

शिवाय आपल्या शाळांना एसएमएस नवा नाही. पोषण आहार किती मुलांनी घेतला, हा आकडा रोज मोबाइलवरून वर कळवण्याची सवय महाराष्ट्रातल्या शिक्षकांना केव्हाच लागली. त्या आकड्याची दिशा पाहा: तो वर जातो आणि वरच राहतो. वर्गातले मतदानही त्याच वाटेने गेले, म्हणजे ‘आज किती मतदाने घेतली’ असा रकाना एखाद्या पोर्टलवर उगवला, तर ते त्याच दिवशी मेले म्हणून समजा. वर्गात मोजलेला आकडा वर्गाबाहेर जाता कामा नये. त्याचे गुण होऊ नयेत, हजेरी होऊ नये, अहवाल होऊ नये. गुण लागले की मूल पुन्हा पहिल्या बाकाकडे पाहू लागते.

मग उभे काय करायचे? एक: प्रश्न असा हवा की चुकीचा पर्यायही कोणाला तरी मनापासून खरा वाटावा. असे पर्याय शिक्षकाला मुलांच्या वह्यांतल्या चुकांतूनच मिळतात. दोन: पहिल्या मतदानाचा आलेख चर्चेआधी दाखवायचा नाही. तो दिसला की सर्वांत उंच खांबाकडे सगळे झुकतात आणि हात वर करण्याचा दोष मागच्या दाराने आत येतो. तीन: आकड्यावरून पावले ठरलेली हवीत. सत्तर टक्क्यांहून जास्त उत्तरे बरोबर असतील तर पुढे जा; तिसांहून कमी असतील तर वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवा; मधले असेल तर मुलांना आपसांत भिडू द्या. हे आकडे माझूर यांच्या पद्धतीत रुळलेले आहेत आणि शिक्षकाने स्वतःला घातलेली ती अट आहे.

एसएमएसची जागाही यातच ठरते: स्वतःचा फोन असलेल्या प्रौढांत. गोंदियातल्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयासारख्या ठिकाणी, जिथे एका तासाला मोठा समूह बसतो. कृषी विभागाच्या गावसभेत. ‘धानाच्या चुडात चंदेरी पोंगा दिसतो आहे, कारण काय? १ खोडकिडा, २ गादमाशी, ३ तुडतुडे, ४ पाण्याची ओढ’ असे विचारून आकडा मागवा. उत्तर गादमाशी हे आहे. निम्म्या सभेने खोडकिडा म्हटले, तर फवारणीचे वेळापत्रक वाचून दाखवणे थांबवून आधी कीड ओळखायला शिकवावे लागेल. चारचौघांत ‘मला कळत नाही’ म्हणायला पिकलेल्या शेतकऱ्यालाही जड जाते. एक आकडा पाठवायला जात नाही.

आणि आरंभ करायचा असेल तर तो मुलांपासून नको. केंद्रावर दर महिन्याला शिक्षण परिषद भरते, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची प्रशिक्षणे होतात. सुलभक पीपीटी वाचतो, शिक्षक ऐकतात, चहा होतो, सह्या होतात. तिथे प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. सुलभकाने विसाव्या मिनिटाला थांबून त्या दिवसाच्या विषयावरचा एक खरा प्रश्न विचारावा, आकडे मागवावेत आणि उत्तरे चुकली तर उरलेल्या स्लाइड बाजूला ठेवाव्यात. एवढी तयारी नसेल, तर त्याने शिक्षकांना ‘विद्यार्थीकेंद्री अध्यापन’ शिकवायला उभे राहू नये.