‘साहाय्यक’ म्हणजे कोण?

आमच्या विंचूरहून येवला आणि कोपरगाव ओलांडले की पुणतांबे येते. रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात संगीतकार सी. रामचंद्र, यांचे हे जन्मगाव. या परिसराला त्यांचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. आक्षेप आहे तो या अभिमानाच्या आड सोयीने झाकल्या जाणाऱ्या गोष्टींना.

१९५१ च्या ‘अलबेला’चे संगीत आपण एकट्या चितळकरांच्या प्रतिभेचा आविष्कार मानतो. त्याच चित्रपटात पडद्यावर दिसणारा वाद्यवृंद मात्र चिक चॉकलेट यांचा आहे. त्यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातील हळदोणे येथे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवणारे हे ट्रम्पेटवादक चितळकरांचे साहाय्यक होते. १९५१ मध्येच ‘नादान’ या चित्रपटाला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. तरीही मराठी आस्वादक लेखनात ते येतात ते एका गमतीदार नावापुरते.

‘चाल हाच गाण्याचा आत्मा, बाकी सारी सजावट’, हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. तो तपासून पाहावा. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर लिहून काढत. दोन कडव्यांमधील जागा भरत. एका सुरावटीखाली दुसरी सुरावट उभी करत. हे काम सजावटीचे असेल, तर कादंबरीचे कथानक तेवढे लेखकाचे आणि तिची रचना कारागिराची, असेही म्हणावे लागेल. साहित्याच्या वर्गात असे विधान कोणी खपवून घेईल काय?

हा अन्याय एकट्या जॅझवाल्यांचा नाही. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यमेळाची बांधणी करणारे चेलोवादक बासू चक्रवर्ती आणि सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग यांनी १९७६ मध्ये ‘सबसे बडा रुपैया’ला जोडीने संगीत दिले. पण ‘पंचम’वर भरभरून लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी या जोडीच्या कामाकडे ‘रचना’ म्हणून पाहिले?

१९६७ मध्ये रोलाँ बार्थ यांनी कर्त्याच्या मृत्यूची घोषणा केली. चिक चॉकलेट यांचे निधनही त्याच वर्षीचे. बार्थ आपण वर्गात आवडीने शिकवतो आणि चित्रपटगीतावर लिहायला बसलो की पुन्हा एकाच कर्त्याची आरती ओवाळतो. ज्यांना कर्तेपण कधी मिळालेच नाही, त्यांच्या बाबतीत ‘कर्ता मेला’ हे वाक्य क्रूर ठरते.

चितळकरांचे श्रेय हिरावून दुसऱ्याच्या पदरात टाकावे, असे माझे म्हणणे नाही. त्यांची थोरवी वाटून घेतल्याने उणावणार नाही. मात्र यापुढे कोणी ‘अलबेला’वर लिहील, तेव्हा त्याने ‘साहाय्यक’ या शब्दापाशी थांबावे आणि त्या माणसाने नेमके काय रचले, हे कानांनी शोधावे. एवढेही न करणाऱ्या लेखनाला समीक्षा म्हणू नये.