‘हार्डकोडेड’ म्हणजे अटळ नव्हे

संगणकाच्या परिभाषेतला ‘हार्डकोडेड’ हा शब्द आता साहित्यचर्चेतही रुळू लागला आहे. जात किंवा लिंगभाव समाजात ‘हार्डकोडेड’ आहे असे म्हणताना तो अटळ आहे असे सुचवले जाते. आम्हांस हा अर्थ मान्य नाही. करदरासारखे एखादे मूल्य बाहेरच्या नोंदीतून न घेता थेट आज्ञावलीत लिहून टाकले, की ते हार्डकोडेड होते. ते बदलण्यासाठी आज्ञावलीच उघडावी लागते. पण ते कोणीतरी लिहिलेले असते, हे विसरता येत नाही.

खरोखर अपरिवर्तनीय रचना पाहायची तर वेरूळचे कैलास लेणे पाहावे. आठव्या शतकात एकाच खडकातून वरून खाली कोरलेल्या या मंदिरात एकदा काढलेला दगड परत बसवता येत नाही. समाज असा कोरलेला नसतो.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ‘मराठवाडा’ हा शब्दही नावात राहिला. पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. येथे सोळा वर्षे लागली, कारण दुरुस्ती पाटीच्या फार खाली, मूळ आज्ञावलीत करायची होती. ती अद्याप पुरी झालेली नाही.

विद्यार्थ्यांनी हा शब्द जरूर वापरावा. मात्र प्रत्येक वेळी ‘हे लिहिले कोणी?’ असेही विचारावे.