वसईचा तह आणि ॲस्टन क्लिंटनचे लॉर्ड

वसईचा तह आपण शाळेत वाचतो. यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, दुसरा बाजीराव पुणे सोडून वसईला आला आणि ३१ डिसेंबरला त्याने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. पेशव्यांच्या मुलखात सहा हजार तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख, हे कलम बहुतेकांना आठवते. वसईतल्या एव्हरशाईन सिटीच्या विद्यार्थ्यांच्या तर गावातच हे घडले. पण धडा बहुधा इथेच थांबतो. तो इंग्लंडमधल्या एका खेड्यापर्यंत जायला हवा.

दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांनी हा तह मानला नाही, म्हणून १८०३ साली कंपनीशी युद्ध पेटले. दक्षिणेत आर्थर वेलस्ली असईला लढला. उत्तरेत इंग्रज सेनापती जेरार्ड लेकने सप्टेंबरात दिल्ली घेतली आणि १ नोव्हेंबरला अलवरजवळच्या लासवारी गावी शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या. त्या पलटणींचे गोलंदाज तोफांपाशीच मेले. त्यांच्या शौर्याची कबुली खुद्द लेकने आपल्या पत्रात दिली. पुढच्याच वर्षी त्याला सरदारकी मिळाली. पदवीचे नाव होते, दिल्ली व लासवारीचा आणि बकिंगहॅमशरमधल्या ॲस्टन क्लिंटनचा बॅरन लेक. १८०७ मध्ये तो व्हायकाउंट झाला.

ॲस्टन क्लिंटन हे छोटे खेडे. त्याच्या नावातला क्लिंटन हा मध्ययुगात तिथली जहागीर सांभाळणाऱ्या घराण्याचा. लेकच्या पदवीत अशा खेड्याशेजारी लासवारी बसली. इंग्रजी पदवीतल्या गावावर पदवीधारकाचा हक्क असतोच असे नाही. ना तिथला वसूल त्याचा, ना तिथला न्यायनिवाडा. लासवारीच्या शेतकऱ्याला आपल्या गावाचा लॉर्ड कोण, हे कळण्याचेही कारण नव्हते.

आपल्याकडचा रिवाज याहून वेगळा होता, आणि मला तो अधिक जिवंत वाटतो. मल्हाररावांचे घराणे होळ गावावरून होळकर झाले. महादजी शिंदे १७८४ मध्ये मुघल बादशाहीचे वकील-इ-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी, झाले, तरी लोक त्यांना पाटीलबाबाच म्हणत, कारण साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडची पाटीलकी त्यांच्या घराण्याची होती. पाटीलकीत गावचा वसूल, मान आणि वतनाचा हक्क खरोखर असे. त्या वतनदारीत जुलूमही पुष्कळ होता, हे विसरून चालणार नाही. पण पाटील आणि गाव एकमेकांना ओळखत. लासवारीवर जे सैन्य मोडले, ते या पाटीलबाबांनीच उभे केले होते.

वसईच्या शाळांनी हा धडा शिकवताना नकाशावर वसई, कण्हेरखेड, लासवारी आणि ॲस्टन क्लिंटन ही चार नावे एकत्र लावावीत. तहात पेशव्यांनी सोडले ते उत्पन्न आणि स्वातंत्र्य. शिंद्यांनी गमावली ती दिल्ली. लेकची पदवी मात्र तीन पिढ्याही टिकली नाही. त्याच्यानंतर त्याचे दोन मुलगे तिचे धनी झाले आणि १८४८ मध्ये धाकट्याच्या मृत्यूबरोबर ती संपली.